बॅटरीच्या कपाटाला झरोका केवढा हवा?

वीज जाते, क्षणभर अंधार होतो आणि लगेच ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन दिवे पुन्हा लागतात. आपण परत पुस्तकात डोके घालतो. हे काम करणारी बॅटरी असते कुठे? बहुधा जिन्याखाली, नाहीतर पॅसेजच्या कोपऱ्यात, एखादे जुने कापड पांघरून. तिच्याकडे घरातले लक्ष देतात ते दोन-तीन महिन्यांतून एकदा, तिच्यात पाणी घालायचे असते तेव्हा. एरवी ती एक गप्प बसलेली पेटी असते.

ती किती गप्प असते हे सांगण्यापूर्वी एक घडलेली गोष्ट सांगतो. एका शाळेत संगणकांच्या खोलीसाठी १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या घेतलेल्या होत्या. मुलांनी हात लावू नये म्हणून त्या एका लाकडी कपाटात ठेवल्या होत्या आणि कपाटाला कुलूप होते. उंदीर शिरू नयेत म्हणून फटींवर आतून पत्रा ठोकला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर बॅटऱ्यांत पाणी घातले, चार्जिंग सुरू केले आणि कपाट बंद केले. दुपारी वायरमन आला. त्याने कपाट उघडले, एक टर्मिनल सैल दिसले, म्हणून पाना लावला. चार्जिंग चालूच होते. ठिणगी पडली, मोठा फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि एका बॅटरीचे झाकण उडाले. आतले आम्ल त्याच्या सदऱ्यावर, हातावर आणि चष्म्यावर उडाले. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी अगदी रास्त प्रश्न विचारला. “बॅटरी चांगली होती, तिच्यावर आय.एस.आय.ची खूण आहे. मग असे झाले कसे?” खूण खरी होती. भारतीय मानक ब्यूरोचे अशा बॅटऱ्यांसाठी मानक आहे, त्याचा क्रमांक आय.एस. १३३६९. पण ते मानक बॅटरीसाठी आहे; सुताराने केलेल्या कपाटाला कोणतीच खूण नव्हती. दोष कपाटात होता.

हा दोष नेमका किती मोठा होता, ते आपल्याला नववी-दहावीच्या रसायनशास्त्राने मोजता येईल. चला, मोजू या.

ज्या बॅटऱ्या मोटारीत बसून फिरत नाहीत, एका जागी राहून गरजेची वाट पाहतात, त्यांना स्थिर बॅटऱ्या म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटरी असते. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये, इस्पितळात आणि बँकेतही बॅटऱ्या असतात. विजेच्या उपकेंद्रात त्या असतात हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. जिथे लाखो व्होल्टची वीज येते तिथे बॅटरी कशाला? असे पाहा, वाहिनीवर बिघाड झाला की तिचा प्रचंड स्विच, म्हणजे सर्किट ब्रेकर, ताबडतोब उघडला पाहिजे. तो उघडण्यासाठीही वीज लागते. बिघडलेल्या वाहिनीकडेच ती मागून कसे चालेल? म्हणून प्रत्येक उपकेंद्रात, पायथ्याच्या वीजगृहातही, बॅटऱ्यांची एक स्वतंत्र खोली असते. या खोलीच्या भिंतींना आम्लाला दाद न देणारा रंग असतो, दारावर धूम्रपान-बंदीची पाटी असते, वर बाहेर हवा फेकणारा पंखा असतो आणि कोपऱ्यात पाण्याचा नळ असतो. हे सर्व इंजिनिअर लोक शंभराहून अधिक वर्षे करीत आले आहेत. घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हा बॅटरी घरात आली. खोली मात्र उपकेंद्रातच राहिली.

आता बॅटरीच्या पोटात डोकावू. १२ व्होल्टच्या पेटीत शिशाचे ६ घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिशाच्या व शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक आम्लात, बुडवलेल्या असतात. वीज घेताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते; चार्जिंग करताना ते पुन्हा मोडते. चार्जिंग संपत आले की मोडायला सल्फेटच फारसे उरत नाही. पण चार्जर विद्युतधारा पाठवतच असतो. तिने करायचे काय? ती पाण्याचे विघटन करू लागते. प्रत्येक घटाचा दाब साधारण २.४ व्होल्टच्या जवळ गेला की पट्ट्यांवरून बुडबुडे उठू लागतात. शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन. इथे तोच प्रयोग चालतो. फरक एवढाच की दोन नळ्या वेगळ्या नसतात; दोन्ही वायू एकत्रच झाकणाच्या भोकातून बाहेर पडतात.

किती हायड्रोजन? इथे फॅरेडेचा नियम उपयोगी पडतो. हायड्रोजनचा एक रेणू तयार व्हायला २ इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे एका मोलला २ × ९६,५०० = १,९३,००० कूलोम विद्युतभार. एक अँपिअर धारा एक तास वाहिली तर ३,६०० कूलोम भार जातो. भागाकार केला की ५३.६ अँपिअर-तास येतात. एक मोल वायू शून्य अंश तपमानाला २२.४ लिटर जागा व्यापतो. म्हणून एका अँपिअर-तासाला, एका घटातून, २२.४ ÷ ५३.६ = ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. हा ०.४२ आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

तुम्ही बॅटरीत जे पाणी घालता ते म्हणजे या वायूची पावतीच होय! पाणी ‘कमी झाले’ म्हणजे त्यातले थोडे वाफ होऊन उडाले, पण बहुतेक हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन घरात गेले. १८ ग्रॅम पाण्यातून २२.४ लिटर हायड्रोजन मिळतो, तेव्हा एक लिटर पाण्यातून किती? करून पाहा, उत्तर १,२०० लिटरच्या पुढे जाते. पाण्याच्या एका बाटलीतून पाण्याची सहा पिंपे भरतील इतका वायू! तो निघतो सावकाश, अनेक आठवड्यांत, आणि उघड्या जागी वाऱ्यावर विरून जातो. म्हणूनच आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्याला रंग नाही, वासही नाही.

शाळेतल्या कपाटाकडे परत येऊ. ४ बॅटऱ्या, प्रत्येकी ६ घट, एकूण २४. प्रत्येक बॅटरीची धारणक्षमता १५० अँपिअर-तास. पाणी घालायच्या या बॅटऱ्या भरत आल्यावर जोराने चार्ज केल्या तर दर अँपिअर-तास क्षमतेमागे सुमारे २० मिलिअँपिअर धारा वायू तयार करण्यात खर्च होते असे धरतात. १५० ला २० मिलिअँपिअरने गुणले की ३ अँपिअर. तेव्हा तासाला २४ × ३ × ०.४२ = सुमारे ३० लिटर हायड्रोजन. कपाटातून बॅटऱ्यांची जागा वजा केली तर हवा राहिली साधारण एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर.

हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ते मिश्रण पेटू शकते. १,००० लिटरचे ४ टक्के म्हणजे ४० लिटर. तासाला ३० लिटर या वेगाने त्याला लागला १ तास २० मिनिटे! वायरमन आला तेव्हा चार्जिंग सुरू होऊन चार तास झाले होते. अर्थात सगळे चार तास काही बुडबुडे उठत नव्हते, आधी बॅटऱ्या भरायच्या होत्या. शिवाय दार उघडल्यावर पुष्कळसा वायू वरून निघून गेला असणार. तसे झाले हे त्याचे नशीब. फुटली ती मुख्यतः बॅटरीच्या आतली, पाण्याच्या पातळीवरची रिकामी जागा. तिथे तर हवाही नसते. शुद्ध हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दोनास एक या नेमक्या प्रमाणात, स्फोटाला हवे तसेच!

हायड्रोजनची मोठी खोड ही की तो फार थोडक्यात पेटतो. ४ टक्क्यांपासून जवळजवळ ७५ टक्क्यांपर्यंत कोणतेही मिश्रण त्याला चालते. ४ टक्क्यांना ज्वाळा कशीबशी वर सरकते, ८-१० टक्क्यांच्या पुढे दणका बसू लागतो. पेटायला लागणारी ऊर्जा एक मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे ०.०२ मिलिज्यूल. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना बोटाला जी ठिणगी चटका देते ती याच्या कितीतरी पट मोठी असते. तेव्हा ठिणगी दिसली नाही, जाणवलीही नाही, म्हणजे ती नव्हतीच असे हायड्रोजनपुढे म्हणता येत नाही.

आता मानक काय सांगते ते पाहू. मानक हा शब्द ऐकला की मुलांना, आणि मोठ्यांनाही, जाडजूड कंटाळवाणे पुस्तक आठवते. पण कधी कधी त्यातला एक आकडा सोलून पाहावा. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने, म्हणजे आय.ई.सी.ने, स्थिर बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे मानक प्रसिद्ध केले आहे. त्याचा क्रमांक ६२४८५, भाग २, वर्ष २०१०. त्यात खोलीला तासाला किती घनमीटर ताजी हवा हवी याचे एक छोटे सूत्र आहे.

हवा = ०.०५ × घटांची संख्या × वायू करणारी धारा (अँपिअरमध्ये)

झाले. एवढेच. पण हा ०.०५ आला कुठून? कुणाच्या मनात आले म्हणून नव्हे. त्याच्या आत तीन आकडे दडलेले आहेत. पहिला आपल्या ओळखीचा ०.४२ लिटर, घनमीटरमध्ये ०.०००४२. दुसरा २४. चार भाग हायड्रोजनबरोबर ९६ भाग हवा असली की आपण बरोबर धोक्याच्या उंबरठ्यावर असतो. ९६ ला ४ ने भागले की २४. म्हणजे एक लिटर हायड्रोजनसाठी निदान २४ लिटर हवा. पण उंबरठ्यावर उभे राहायचे नसते. म्हणून तिसरा आकडा ५. उंबरठ्याला लागेल त्याच्या पाचपट हवा द्या, म्हणजे हायड्रोजन १ टक्क्याच्या आतच राहील. गुणाकार करा: ०.०००४२ × २४ × ५. उत्तर ०.०५.

त्या ५ मध्ये बरेच काही पोटात घातलेले आहे. आपण ०.४२ लिटर काढला तो शून्य अंशाला. आपल्याकडच्या ३० अंशांना तोच वायू दहाव्या हिश्शाने फुगतो. बॅटरी जुनी झाली की वायू जास्त सुटतो. हवा खोलीत सगळीकडे सारखी मिसळत नाही. हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका, तो आधी छताशी जातो, आणि छताला तुळया असल्या तर दोन तुळयांमधल्या खोबणीत अडकून बसतो. या सगळ्या अनिश्चितता इंजिनिअरने एका पाचात गुंडाळल्या आहेत. माझ्या मते मानकांतली खरी शहाणपणाची जागा ही असते. बाकीचे गणित तुम्हीही करू शकला असता, पण ५ घ्यायचे की २, हे अनुभवानेच ठरते.

शाळेच्या कपाटाला सूत्र लावा. ०.०५ × २४ × ३ = ३.६ घनमीटर तासाला. ३,६०० लिटर भागिले ३,६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला बरोबर एक लिटर हवा. ही येणार कुठून? पंखा नको असेल तर झरोक्यातून. आपोआप वाहणारी हवा झरोक्यातून फार सावकाश जाते. मानक ती सेकंदाला १० सेंटिमीटर धरते. सेकंदाला १,००० घनसेंटिमीटर हवा १० सेंटिमीटर वेगाने जायची, तर तोंड हवे १०० चौरस सेंटिमीटरचे. म्हणजे १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद! असे दोन झरोके, एक तळाशी हवा आत यायला आणि एक अगदी वर, ती बाहेर जायला. तुमच्या तळहाताएवढी दोन भोके नव्हती, म्हणून एका माणसाचे डोळे जाता जाता राहिले.

खालचा झरोका विसरू नका. पुष्कळ जण एकच भोक वर पाडतात. बाटली पालथी केली की पाणी कसे ‘बुडुक बुडुक’ करीत अडत अडत पडते? आत हवा शिरायला वेगळी वाट नसते म्हणून. कपाटाचेही तेच. खोली असेल तर दोन झरोके समोरासमोरच्या भिंतींत हवेत, आणि वरची हवा घराबाहेर जावी, शेजारच्या खोलीत नव्हे.

सूत्राबरोबर आणखी एक गोष्ट येते. झरोका कितीही मोठा असला तरी बॅटरीच्या झाकणाच्या अगदी जवळ, वायू अजून हवेत मिसळलेलाच नसतो. तिथे ठिणगी पडणारी वस्तू असता कामा नये. किती अंतरात? आपल्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी मानकाच्या सूत्राने ते अंतर नुसती भरलेली बॅटरी राखताना अर्धा मीटर आणि जोराने चार्ज करताना पाऊण मीटर येते. या अंतरात स्विच नको, उदबत्ती नको, देवघरातली समई नको. हसू नका, जिन्याखालची जागा मोकळी दिसली की तिथे काय काय ठेवले जाते ते मी पाहिले आहे.

“पण आमची बॅटरी सीलबंद आहे, तिच्यात पाणी घालावे लागत नाही,” असे कुणी म्हणेल. या बॅटरीत ऑक्सिजन आतल्या आत ऋण पट्टीकडे जाऊन पुन्हा पाणी बनतो, त्यामुळे वायू फार थोडा बाहेर येतो. फार थोडा, पण शून्य नव्हे. तिच्यावर एक झडप असते. आतला दाब वाढला की ती उघडते. आय.ई.सी.च्या हिशेबात या बॅटरीसाठी २० च्या जागी ८ मिलिअँपिअर धरतात. झरोका लहान होतो, नाहीसा होत नाही. शिवाय हिला उष्णता सोसत नाही. पुनर्मीलनात उष्णता निर्माण होते. बॅटरी तापली की ती जास्त धारा ओढते, जास्त धारेने आणखी तापते, आणि हे चक्र आवरले नाही तर पेटी फुगून वाकडी होते. म्हणून चांगला चार्जर तपमान वाढले की दर अंशाला, दर घटामागे सुमारे ३ मिलिव्होल्ट दाब कमी करतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. तपमान दर ८ ते १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्मे होते हा ठोकताळा दुकानदारालाही माहीत असतो, पण तो सहसा सांगत नाही.

बॅटरीला स्विच नसतो, हेही लक्षात असू द्या. घरातला मुख्य स्विच पाडला की तारा निर्जीव होतात. बॅटरीचे खुंट कधीच निर्जीव होत नाहीत. १२ व्होल्टचा हाताला धक्का बसत नाही, म्हणून लोक तिला भीत नाहीत. पण तिचा अंतर्गत रोध काही मिलिओहमच असतो. समजा ६ मिलिओहम. ओहमच्या नियमाने १२ ÷ ०.००६ = २,००० अँपिअर! लोखंडी पाना दोन खुंटांवर आडवा पडला तर एवढी धारा त्यातून जाते. पाना लाल होतो, शिसे वितळून उडते, आणि ठिणगीचे तर विचारूच नका. जाणकार वायरमन म्हणूनच पान्याच्या दांड्याला रबरी आवरण चढवतो आणि काम करण्यापूर्वी अंगठी व घड्याळ काढून ठेवतो. चार्जर आधी बंद, मग कपाट उघडून थोडा वेळ वारा खेळू देणे, मग पाना. शाळेतल्या वायरमनने हा क्रम उलटा केला होता. आम्लाबद्दल जास्त लिहीत नाही. डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि तसेच डॉक्टरांकडे जायचे.

इथपर्यंत शिशाच्या बॅटरीची गोष्ट झाली. ती रोज थोडा वायू सोडते, म्हणून त्याचा हिशेब करता येतो. आता लिथियम-आयन बॅटऱ्या येत आहेत. त्या हलक्या असतात, जास्त टिकतात आणि रोजच्या वापरात वायू मुळीच सोडत नाहीत. मग झरोक्याचा प्रश्न मिटला? अमेरिकेत असे वाटले होते.

ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ सरप्राइज नावाचे गाव आहे. तिथल्या मॅकमिकेन केंद्रात एका कंटेनरवजा इमारतीत १०,५८४ लिथियम घट मांडणीवर रचलेले होते; सौरवीज साठवून संध्याकाळी देण्यासाठी. १९ एप्रिल २०१९ रोजी संध्याकाळी आतून धूर येऊ लागला. आग शमवणारा वायू ठरल्याप्रमाणे आपोआप सुटला. अग्निशमन दलाचे जवान आले. बाहेर पांढुरकी वाफ जमिनीलगत पसरली होती. त्यांनी घाई केली नाही. दोन तासांहून अधिक काळ वाट पाहिली, वायूची मोजणी केली, वाफ ओसरल्यावर दार उघडले. थोड्याच मिनिटांत स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. एकजण वीस मीटरहून दूर फेकला गेला.

काय झाले असावे? एक घट बिघडून तापला. लिथियम घट ठराविक मर्यादेपलीकडे तापला की त्यातली रसायने आपसांतच प्रक्रिया करून आणखी उष्णता देतात. त्यासाठी बाहेरची हवा लागत नाही. त्यामुळे ज्वाळा विझवणारा वायू इथे लंगडा पडला. उष्णता शेजारच्या घटात गेली, मग त्याच्या शेजारच्या, असे करीत एक अख्खी मांडणी पेटत गेली. घटांमध्ये उष्णता अडवणारा पडदा नव्हता. तापलेल्या घटांतून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर ज्वालाग्राही वायू बाहेर पडून इमारतीत साठले. आतले मिश्रण इतके घट्ट होते की हवेअभावी पेटत नव्हते. दार उघडले आणि हवा आत शिरली.

२०२० च्या जुलैमध्ये चौकशीचे अहवाल आले. पहिला घट कशाने बिघडला यावर तज्ज्ञांत वाद झाला, पण इमारतीबद्दल फारसा झाला नाही. साठलेला वायू सुरक्षितपणे बाहेर काढायची वाटच तिला नव्हती आणि आत किती वायू आहे हे बाहेरून कळायची सोयही नव्हती. शाळेतल्या कपाटापासून हे किती दूर आहे ते तुम्हीच पाहा! वाईट याचे वाटते की ती इमारत त्या वेळच्या नियमांत बसत होती. नियमांनी आगीचा विचार केला होता, स्फोटाचा नव्हता.

नंतर अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ८५५ क्रमांकाच्या मानकात अशा इमारतींसाठी दोन वाटा सांगितल्या गेल्या. एक, वायूचे प्रमाण पेटण्याच्या मर्यादेच्या पावपटीच्या आत राहील असा बाहेर ओढणारा पंखा बसवा. दुसरी, स्फोट झालाच तर भिंत न फुटता ठरवलेला पत्रा उघडून दाब वर निघून जाईल अशी रचना करा. शिवाय निर्मात्याने एक घट मुद्दाम तापवून फोडायचा, शेजारचा पेटतो का आणि किती वायू सुटतो ते मोजायचे, अशी प्रयोगशाळेतली चाचणीही ठरली आहे. शिशाच्या बॅटरीसाठी ०.४२ हा आकडा फॅरेडेने १९व्या शतकातच देऊन ठेवला होता. लिथियमच्या प्रत्येक जातीचा आकडा असा घट फोडून शोधावा लागतो.

मुख्याध्यापकांचा आणखी एक प्रश्न राहिला. “ही मानके पाळायची सक्ती कुणावर?” उपकेंद्रावर तपासणीसाठी विद्युत निरीक्षक येतो. मोठ्या इमारतीला अग्निशमन दलाचा दाखला लागतो. पण मानक हे मुळात तज्ज्ञांचे एकमत असते. एखाद्या कायद्याने किंवा कराराने त्याचे नाव घेतले की ते बंधनकारक होते. शाळेच्या लाकडी कपाटाकडे किंवा तुमच्या जिन्याखाली कोणीच निरीक्षक येत नाही.

तेव्हा पट्टी घेऊन तुम्हीच जा. बॅटरीवरचे लेबल वाचा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास असे काही लिहिलेले असेल. घट ६, धारा ३ अँपिअर, ०.०५ × ६ × ३ = ०.९ घनमीटर. झरोका २५ चौरस सेंटिमीटर, पाच बाय पाच. बॅटरी उघड्यावर, हवेशीर जागी असेल तर प्रश्नच नाही. बंद कपाटात असेल तर वर-खाली मोकळी जागा किती आहे ते मोजा. खुंटांना हात लावू नका; भोके पाडायचे काम मोठ्यांकडून आणि चार्जर बंद करूनच करून घ्या.

त्या शाळेत नववीच्या मुलींनी हे गणित फळ्यावर केले आणि सुताराकडून दोन झरोके करून घेतले, उंदरांसाठी बारीक जाळी लावून. जाळीच्या तारा जागा अडवतात म्हणून त्यांनी भोक १० ऐवजी १२ सेंटिमीटरचे केले. हे मला सुचले नव्हते. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. बॅटऱ्या चार्ज होत होत्या, वरचा झरोका मोकळा होता. खालच्या झरोक्याला भूगोलाच्या नकाशांची गुंडाळी टेकवून ठेवली होती. शिपायाला बोलावून ती आम्ही दुसऱ्या खोलीत हलवली.